ईव्हीची धास्ती हा ‘मनाचा खेळ’ नाही

वाटसरू

‘सह्यकडा’ यांनी गेल्या आठवड्यात येथे एका लेखात लिहिले की, ईव्ही (इलेक्ट्रिक गाडी) घेतल्यावर वाटणारी रेंजची धास्ती, म्हणजे एका चार्जमध्ये गाडी इच्छित ठिकाणी पोहोचेल की नाही ही भीती, हा निव्वळ मनाचा खेळ आहे आणि ज्यांना प्रवासाचे साधे नियोजन जमत नाही, त्यांनी खुशाल पेट्रोलच्या गाड्या चालवाव्यात. हे वाचून गप्प बसवत नाही, म्हणून सविस्तर लिहीत आहे.

डिझेलची गाडी विकून मी ईव्ही घेतली ती पूर्ण विचारान्ती. पुण्यातल्या रोजच्या जाण्यायेण्यात तिच्याबद्दल माझी एकही तक्रार नाही. पण माझे गाव चिपळूणच्या पलीकडे आहे आणि तिकडे जायचे ठरले की आदल्या रात्रीपासून हिशेब सुरू होतात. कराडच्या अलीकडचा चार्जर चालू असेल का, चालू असला तर मोकळा असेल का, घाट उतरून गावी पोहोचल्यावर वीज असेल का, कारण पावसाळ्यात आमच्याकडे ती दोन-दोन दिवस गायब असते.

या पावसाळ्यात आईला घेऊन परतत होतो. ॲपवर हिरवा दिसणाऱ्या चार्जरपाशी थांबलो. चार्जरची गन (वायरीच्या टोकाचा जोड) गाडीत नीट बसली, कुलूप लागल्याचा खट्ट आवाज आला, पडद्यावर तयारी सुरू असल्याची सूचना उमटली आणि मिनिटभरात लाल दिवा लागून सगळे थांबले. गन काढून पुसली, पुन्हा लावली, पुन्हा तेच. मदत क्रमांकावरचा माणूस मेन स्विच बंद करून चालू करायला सांगत होता. त्या स्विचच्या खोलीला कुलूप होते, किल्ली हॉटेलमालकाकडे होती आणि मालक घरी गेलेला होता. पुढच्या चार्जरपर्यंत पोहोचण्याइतकी बॅटरी मी मुद्दाम राखली होती, त्यामुळे नियोजनात काही कमी नव्हते. तरीही तिथवरचा सगळा रस्ता एसी बंद ठेवून, काचांवर धरलेली वाफ फडक्याने पुसत आणि टक्के मोजत काढावा लागला. यात मनाचा खेळ कोणता, ते सांगावे.

मला बॅटरीची भीती वाटत नाही. वाटेत उभ्या केलेल्या यंत्रावर विसंबता येत नाही, ही माझी धास्ती आहे आणि ती मनातून नव्हे, तर महामार्गावरून आलेली आहे.

सह्यकडा

तो लेख माझाच आहे आणि त्यातले एकही वाक्य मी मागे घेणार नाही. आपल्या आईंना त्रास झाला याचे वाईट वाटते, पण आपण जी घटना सांगितली तीत आपण पुढच्या चार्जरवर सुखरूप पोहोचलात, म्हणजे राखीव बॅटरी ठेवण्याचा नियम उपयोगी पडला, हेच सिद्ध होते.

लोकांची गल्लत कोठे होते ते सांगतो. गाडीच्या जाहिरातीतला पल्ला ज्या प्रमाणित चाचणीतून येतो, तिच्यात वेग ताशी ९० किलोमीटरच्या पुढे जातच नाही. २०२० साली आलेल्या टाटांच्या पहिल्या नेक्सॉन ईव्हीची बॅटरी ३०.२ युनिटांची होती आणि प्रमाणित पल्ला ३१२ किलोमीटर होता; रस्त्यावर दोनशेच्या आसपास धरून चालणाऱ्यांना तिने कधी फसवले नाही. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणजे ८० ऐवजी १२० ने गाडी हाकली तर तो सव्वादोन पट होतो. घाटाचेही गणित अवघड नाही. माणसांसह अठराशे किलोची गाडी सहाशे मीटर उंच चढवायला साधारण तीन ते साडेतीन युनिटे लागतात, म्हणजे सपाटीवरच्या वीस-पंचवीस किलोमीटरांचा खर्च; उतरताना त्यातला बराचसा भाग बॅटरीत परत येतो. हे ज्याला माहीत आहे त्याने चिपळूणच्या वाटेवरच्या कुंभार्ली घाटाला घाबरण्याचे कारण नाही.

वाटसरू

चढाचे गणित मलाही येते. बंद पडलेल्या चार्जरचे गणित कोणत्या सूत्राने सोडवायचे, ते आपण सांगितलेच नाही. मी यंत्रणेबद्दल विचारतो आहे आणि आपण मला पदार्थविज्ञान शिकवत आहात.

जुनीवाट

मी आजही डिझेलची गाडी चालवतो आणि असल्या चर्चा वाचल्या की त्याचे समाधान वाटते. आठ वर्षे किंवा १ लाख ६० हजार किलोमीटरची वॉरंटी संपल्यावर त्या बॅटरीचे काय होणार आणि जुनी गाडी कोण घेणार, याचे उत्तर मला अजून एकाही ईव्हीवाल्याने दिलेले नाही. शिवाय पर्यावरणाचे नाव घेऊन ज्या चंद्रपूरच्या कोळशाच्या विजेवर या गाड्या धावतात, तिथली हवा ज्यांच्या नाकातोंडात जाते त्यांना विचारा. माझी बहीण तिथे राहते. गच्चीवर वाळत घातलेल्या कपड्यांवर राखेचा थर बसतो तो मी स्वतः हाताने झटकलेला आहे.

सह्यकडा

कोळशाच्या विजेचा हिशेब धरूनही ईव्ही सरस ठरते. आंतरराष्ट्रीय स्वच्छ परिवहन परिषदेच्या २०२१ च्या अभ्यासात भारतातल्या ईव्हीचे आयुष्यभराचे हरितगृह वायूंचे उत्सर्जन पेट्रोलच्या गाडीपेक्षा १९ ते ३४ टक्क्यांनी कमी आढळले होते.

जुनीवाट

त्याच अभ्यासात युरोपसाठी ६६ ते ६९ टक्के आकडा आहे, तोही सांगावा. आपल्या वाट्याला फार तर त्याच्या निम्मे येते, आणि चंद्रपूरकरांच्या वाट्याला राख येते.

वाटसरू

‘जुनीवाट’ यांना विनंती आहे की, माझी तक्रार त्यांनी आपल्या बाजूचा पुरावा म्हणून वापरू नये. मला डिझेलकडे परत जायचे नाही.

तळमजला

महामार्गावरच्या चार्जरबद्दल भांडणाऱ्यांचा मला हेवा वाटतो, कारण त्यांना निदान घरी गाडी चार्ज करता येते. आमच्या गृहनिर्माण संस्थेच्या कमिटीने मला स्वतःच्या मीटरवरून, स्वतःच्या खर्चाने, स्वतःच्या पार्किंगमध्ये पॉइंट घ्यायला मनाई केली आहे. एनओसीसाठी अर्ज केला तर सभेत वसईचा फोटो दाखवला गेला. जून २०२२ मध्ये वसईत एका ईव्हीने पेट घेतला होता, तोच हा फोटो, आणि तो दाखवून सगळ्या ज्येष्ठ सभासदांना घाबरवण्यात आले. त्यानंतर बॅटरीच्या सुरक्षेचे निकष कडक झाले, डिसेंबर २०२२ आणि मार्च २०२३ अशा दोन टप्प्यांत ते लागू झाले, हे मी छापून नेले होते. तो कागद कोणी हातातही घेतला नाही.

राहत्या घराच्या चालू वीजजोडणीवरून ईव्ही चार्ज करता येते, हे केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाच्या जानेवारी २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांतच स्पष्ट झाले होते. तरीही मी रोज रात्री जेवण झाल्यावर मॉलच्या तळघरात जाऊन गाडी चार्जिंगला लावतो आणि तीत बसून राहतो. मुलगी विचारते, बाबा आज पण गाडीला जेवायला नेणार का. धास्ती कशाला म्हणतात ते मला विचारा.

मानदसचिव

मी एका जुन्या संस्थेचा सचिव आहे आणि या कामाचा एक पैसाही घेत नाही. कमिटीला खलनायक ठरवणे सोपे आहे. आमची इमारत बांधली तेव्हा घरात एखादा पंखा, फ्रिज आणि दिवे एवढाच भार गृहीत धरला होता. आज प्रत्येक घरात एसी आहेत, गीझर आहेत, आणि आता दहा जणांनी ७.२ किलोवॉटचे चार्जर मागितले तर रात्री अकराला ७२ किलोवॉटचा जादा भार एकदम येईल. केबल जळाली तर नुकसान एकट्या ईव्हीवाल्याचे होणार नाही. बाविसाव्या पायरीवर धाप लागणाऱ्या आजींची लिफ्ट बंद पडेल आणि रात्री दोनला फोन मला येईल. तुमचे मंत्रालय तेव्हा येणार आहे का?

तळमजला

दहा जणांनी नव्हे, एकट्याने मागितला आहे, आणि ७.२ नव्हे, ३.३ किलोवॉटचा. काल्पनिक दहा जणांची भीती दाखवून खऱ्या एकाला अडवणे हा अन्याय आहे, मग तो बिनपगारी सचिवाने केला तरी अन्यायच. आमच्याकडे याच कमिटीने तिसऱ्या मजल्यावरच्या सभासदाला तीन एसी बसवू दिले तेव्हा केबल कोणाला आठवली नाही.

मानदसचिव

आपल्या कमिटीचा राग माझ्यावर काढू नये. मी आपल्याला अडवलेले नाही. आज एकाला होकार दिला की उद्या दहाव्याला कोणत्या तोंडाने नाही म्हणायचे, हा माझा प्रश्न काल्पनिक नाही. तो मला जिन्यात रोज विचारला जातो.

तारजोड

तीस वर्षे वीज ठेकेदारी केली आहे, म्हणून दोघांनाही चार शब्द ऐकवतो.

भाराबद्दल सचिवांची काळजी रास्त आहे, पण तिचे उत्तर नकार हे नाही. ३.३ किलोवॉट म्हणजे गीझर आणि एक एसी मिळून जेवढे होतात तेवढे. गाड्या रात्री अकरा ते सकाळी सहापर्यंत उभ्या असतात, त्यामुळे सगळ्यांनी एकदम चार्ज करण्याची गरज नसते. पाळ्या लावता येतात, किंवा एकूण भार पाहून चार्जरांना आळीपाळीने वीज देणारे नियंत्रण बसवता येते. मंजूर भार कमी पडत असेल तर महावितरणकडे वाढवून मागावा. ही सगळी रोजची कामे आहेत.

आता ‘तळमजला’ यांना. आपल्यासारख्या सभासदांना परवानगी मिळाली की ते गल्लीतल्या वायरमनकडून साधा १५ अँपिअरचा सॉकेट बसवून घेतात आणि तिथेच घोटाळा होतो. गीझर वीस मिनिटे चालतो. गाडी त्याच सॉकेटमधून सहा-सात तास सलग १३-१४ अँपिअर खेचते. स्क्रू जरा सैल असला की पिन तापते, प्लास्टिक आधी पिवळे पडते, मग तपकिरी होते आणि माशाच्या वासासारखा वास येऊ लागतो. मी असे कितीतरी सॉकेट भिंतीतून उपटून काढले आहेत. आतली पितळी पट्टी काळी पडलेली असते आणि वायरीचे आवरण बोटाने चुरा होते. बॅटरी पेटेल म्हणून सभा गाजवतात, पण आग लागलीच तर या दीड-दोनशे रुपयांच्या सॉकेटमधून लागण्याचा संभव मला जास्त वाटतो. औद्योगिक पद्धतीचा सॉकेट, मीटरपासून जाड तांब्याची स्वतंत्र वायर, भार वाढताच वीज तोडणारा स्वतःचा एमसीबी, गळती ओळखणारा आरसीसीबी आणि मोजून पाहिलेले अर्थिंग, एवढे झाल्याशिवाय मी तरी गाडी लावू देणार नाही. अर्थिंग नीट नसेल तर बऱ्याच गाड्या चार्जच होत नाहीत आणि मग मालक गाडीला शिव्या देतात.

तळमजला

हे सगळे करायला मी तयार आहे आणि तसे अर्जात लिहून दिले होते. सभेत कोणी तारजोड नव्हता, फक्त तो फोटो होता.

संत्रानगरी

चर्चा पार्किंगमध्येच अडकली आहे, म्हणून नागपूरहून लिहिते. जून २०२५ मध्ये इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा सुरू झाल्यावर समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटर सलग झाला आणि राज्याच्या २०२५ च्या धोरणात इलेक्ट्रिक गाड्यांना त्यावर टोलमाफी आहे. मला ती माफी नको, टोल घ्या, पण त्या पैशांत चार्जर चालू ठेवा. मे महिन्यात बाहेर ४५ अंश असताना एसी बंद करून टक्के वाचवा, हा सल्ला विदर्भात कोणी देऊ नये. माझे वडील हृदयरोगी आहेत. रात्री अकराला गाडीत वीस टक्के उरलेले असतात तेव्हा ती उद्याच्या ऑफिसला पुरेल की नाही हा विचार माझ्या मनात येत नाही, आत्ता दवाखान्यात जावे लागले तर काय, हा येतो. दवाखाना जवळ आहे, वीस टक्के भरपूर आहेत, हे सगळे कळते. तरी उठून खाली जाते आणि गाडी चार्जिंगला लावून येते.

सह्यकडा

‘संत्रानगरी’ यांनी लिहिले तेच मी मनाचा खेळ म्हणतो. वीस टक्के भरपूर आहेत असे त्या स्वतःच म्हणतात.

संत्रानगरी

वडिलांचा श्वास अडकतो तेव्हा घरात काय होते हे ज्याने पाहिलेले नाही, त्याने माझ्या काळजीला खेळ म्हणू नये. शब्द जपून वापरावा, एवढेच.

सह्यकडा

तो शब्द आपल्याला लागला असेल तर आपल्यापुरता सोडून देतो. मात्र वेगाने गाडी हाकून रेंज मिळत नाही अशी ओरड करणाऱ्यांबद्दल माझे मत कायम आहे. ‘वाटसरू’ यांच्या मुद्द्यात एवढे तथ्य मानतो की, ॲपवरच्या हिरव्या ठिपक्याला आज काही अर्थ उरलेला नाही. मी स्वतः त्याच्यावर विसंबत नाही. आदल्या दिवशी तिथे चार्ज करून गेलेल्या माणसाचा अभिप्राय शोधतो आणि हॉटेलात फोन करून विचारतो.

वाटसरू

म्हणजे आपल्या ज्या नियोजनाचे आपण कौतुक करता, त्यातला निम्मा भाग बिघडलेल्या यंत्रणेची रखवाली करण्याचा आहे. तो आपल्याला जमतो, माझ्या आईला एकटीने ड्रायव्हर घेऊन जायचे झाले तर जमणार नाही. राज्याच्या धोरणात राष्ट्रीय महामार्गांवर दर २५ किलोमीटरला चार्जिंगची सोय करण्याचे उद्दिष्ट आहे. माझी मागणी त्याहून लहान आहे. आहेत त्या प्रत्येक चार्जरवर शेवटची गाडी किती वाजता आणि किती युनिटे भरून यशस्वीपणे गेली, हे ॲपमध्ये दाखवणे चार्जर चालवणाऱ्या कंपन्यांवर बंधनकारक करावे. ही नोंद त्या यंत्राकडे असतेच, फक्त ती आपल्याला दाखवत नाहीत. स्विचच्या खोलीची किल्ली चोवीस तास जागेवर असावी, आणि पैसे अडकले तर ते त्याच दिवशी परत यावेत.

सह्यकडा

शेवटच्या गाडीच्या नोंदीची मागणी योग्य आहे. तिच्यावर माझी सही धरा. लेखाबद्दल मात्र नाही.

मानदसचिव

‘तारजोड’ यांनी लिहिलेल्या अटी मी उतरवून घेतल्या आहेत. पुढच्या सर्वसाधारण सभेच्या विषयपत्रिकेवर चार्जिंगचा विषय घेईन. परवानगी ३.३ किलोवॉटपर्यंतच, स्वतःच्या मीटरवरून, परवानाधारक ठेकेदाराच्या दाखल्यासह, आणि भार वाढवावा लागला तर खर्च ईव्हीवाल्या सभासदांत वाटून. सभा काय ठरवेल याची हमी मी देऊ शकत नाही.

तळमजला

ठरावाचा मसुदा तयार झाला की येथे टाकावा. आमच्या कमिटीपुढे तो ठेवायला मला दुसऱ्या एका सचिवाच्या सहीचा कागद हवा आहे. माझा कागद ते हातात घेत नाहीत, तुमचा कदाचित घेतील.