‘थांबा जरा’ : एकत्र वाचताना कुठं अडलात? (अनुभव धागा)

गेली चार वर्षं इथं कोल्हापुरात आमचं आठ-दहा जणांचं टोळकं दर रविवारी सकाळी कादंबरी वाचतं. घरी वाचून यायचं आणि मग चर्चा, असलं काही नाही. एकानं मोठ्यानं वाचायचं, बाकीच्यांनी ऐकायचं. आधी रंकाळ्याच्या कट्ट्यावर बसायचो, पण वारं पानं धरू देईना. आता मिरजकर तिकटीजवळ एकाच्या माडीवर बसतो. नियम एकच : कुणीही, कधीही ‘थांबा जरा’ म्हणू शकतो, आणि म्हटलं की थांबायचंच. त्यामुळं आमचा वेग बैलगाडीचा. ‘ययाति’ला सात महिने लागले. पेठांच्या फुटबॉलच्या मोसमात मॅच असली की तेही बंद.

आपल्या गावाला वाचनाची सवय जुनी. करवीर नगर वाचन मंदिर १८५० सालचं. पण तिथनं पुस्तक आणून जो तो आपापल्या घरी वाचतो. चौघांत वाचायचं ते श्रावणात, ‘पांडवप्रताप’ नाहीतर ‘हरिविजय’. एकानं ओवी म्हणायची, दुसऱ्यानं अर्थ सांगायचा, मधेच कुणी शंका काढायची. कादंबरीला ही सोय आपण दिलीच नाही. आणि मराठी कादंबरीची किती गावं आपल्या एसटीच्या पाट्यांवर आहेत बघा : रणजित देसाईंचं कोवाड, शिवाजी सावंतांचं आजरा, आनंद यादवांचं कागल, शंकर पाटलांचं पट्टणकोडोली. खांडेकर मूळचे सांगलीचे, पण राहिले इथंच, राजारामपुरीत.

तर तुमच्या वाचनात कोण, कुठं ‘थांबा’ म्हणालं, तेवढं लिहा. पुस्तक चांगलं की वाईट ते नको.

सुरुवात मी करतो. ‘ययाति’त ययाति, देवयानी आणि शर्मिष्ठा तिघं आपापल्या तोंडानं सांगतात, म्हणून आम्ही तीन वाचक नेमले. देवयानी आली आमच्यातल्या एका वहिनींकडं. तिसऱ्या की चौथ्या रविवारी त्यांनी पुस्तक मांडीवर पालथं घातलं. म्हणाल्या, “थांबा जरा. ही बाई वाईट आहे असं ठरवूनच तुम्ही ऐकताय. मी वाचते तेव्हा तुमची तोंडं दिसतात मला. नव्या सुनेनं पहिल्यांदा भाजी केल्यावर सासरची बसतात तशी.” कुणाला काही बोलता येईना, कारण खरंच होतं. मग ठरलं की देवयानी पुरुषानं वाचायची, आणि ती माझ्या गळ्यात पडली. शर्मिष्ठेला दासी म्हणून मागते ती जागा आली तेव्हा माझा आवाज आपोआप खाष्ट झाला. वहिनी म्हणाल्या, “परत वाचा. साधं वाचा.” साधं वाचलं. विहिरीत ढकलली गेलेली, अंगावर राजाचं वस्त्र घेऊन घरी आलेली एक पोरगी होती तिथं. मी ‘ययाति’ कॉलेजात असताना दोनदा वाचली होती, पण ही पोरगी मला तेव्हा दिसली नव्हती.

आता तुम्ही लिहा.

*

गंगावेश

मी वाचणारा माणूस न्हवं. आमचा दुधाचा धंदा, अकरा म्हशी. पोरगी विद्यापीठात मराठीत एम.ए. करतीया. तिच्या ग्रुपला जागा पायजे म्हणून आमच्या सोप्यात बसाय दिलं. मी धारा काढून येऊन उंबऱ्यात टेकायचो.

पुस्तक होतं कृष्णात खोतांचं ‘रिंगाण’. २०२३ ला साहित्य अकादमी मिळालेलं. पन्हाळा भागातला माणूस, आपल्याच बोलीत लिवतो, म्हणून कान दिला. धरणात गाव गेलंय, माणसं उठवून दुसरीकडं नेल्यात, आणि मागं राहिलेली म्हैस आणाय माणूस परत डोंगरात जातोय. पोरं चर्चा कराल्याली, म्हैस कशाचं प्रतीक हाय. कोण म्हणालं निसर्गाचं, कोण म्हणालं मुळांचं. मला ऱ्हावंना. म्हटलं, थांबा जरा, म्हैस म्हशीचं प्रतीक हाय.

मग सांगितलं. दिवाळीच्या पाडव्याला आम्ही म्हशी पळवतो ते बघितलंय का रं? शिंगं रंगवायची, अंग चकचकीत करायचं आणि सोडायची. मालक गाडीवर पुढं, म्हैस मागनं. दावं न्हाई, काय न्हाई. गर्दीत शंभर गाड्या वाजत असू दे, ती आपल्या गाडीचा आवाज आणि आपल्या माणसाची हाक वळखून पळती. आता २०१९ च्या पुराचं सांगतो. पाणी चढलं तशी रातोरात दावी कापून जनावरं सोडली, जगूदेत म्हणून. एक रेडी चार दिसांनी घावली, लांब, उसाच्या कडंला. मी हाक मारली. तिनं कानबी हलवला न्हाई. जवळ गेलो तर शिंग रोखून हुबारली. माझ्या हातनं बाटलीनं दूध प्यालेली रेडी! तिच्या पाठीवर हात ठेवाय मला दोन दिस लागलं. चार दिसांत हे, तर पुस्तकातल्या म्हशीचं काय झालं आसंल?

पोरं गप झाली. एकजण वहीत लिवाय लागला. म्हटलं लिवू नको, ऐक.

आता पुढचं पुस्तक म्हशीचं न्हाई. तरी बसतो मी.

*

ताराबाई पार्क

माहेर पुण्याचं, लग्न होऊन अकरा वर्षं झाली. आमची बारा जणींची भिशी आहे. नंबर लागेल तिच्याकडे पोहे, चहा आणि हल्ली एक तास वाचन. ‘झोंबी’ घेतली तेव्हा पहिल्याच दिवशी संवाद वाचायची पाळी माझ्यावर आली आणि बायका डोळ्याला पदर लावून हसायला लागल्या. “अगं, तू बातम्या देतीयास!” माझा ‘ण’ कितीही घासला तरी कागलचा होईना.

पण सांगायचं आहे ते वेगळंच. त्या दिवशी भिशी माझ्याकडे होती. मोटेचं वर्णन आलं, नाडा, सोंदूर, थारोळं असे शब्द आले आणि आम्ही सगळ्या ते शब्द वाचून सरळ पुढे निघालो. स्वयंपाकघरात आमच्या मावशी भाकरी करत होत्या, कागलकडच्याच, वय साठीच्या पुढे. पिठाच्या हातानं बाहेर आल्या. “थांबा की वाईच. सोंदूर म्हंजे काय सांगा बघू.” मी म्हटलं, दोरी. “कंची?” आम्हाला कुणालाच सांगता येईना.

मावशींनी माझ्या मुलीची जुनी सलवार मागितली. कमरेकडचा भाग म्हणजे मोटेचं तोंड, एक पाय म्हणजे सोंड. दुसरा पाय आत दुमडून टाकला. तोंडाला जाड ओढणी बांधली, हा नाडा. पायाच्या टोकाला परकराची नाडी, हा सोंदूर. मोट विहिरीतनं वर येताना सोंड उलटी मुडपलेली असते, म्हणून पाणी सांडत नाही. वर आली की सोंदूर सोंडेला थारोळ्यात ओढतो आणि पाणी भसकन बाहेर. बैल धावेवरनं उतरणार, मोट वर येणार. बैल मागं सरकणार, मोट खाली जाणार. डायनिंग टेबल म्हणजे विहीर आणि दोन भिशीवाल्या म्हणजे बैल, असं सगळं झालं. त्यानंतर तोच परिच्छेद परत वाचला. एवढंसं पोर दिवसभर हे काम करतं म्हणजे नक्की काय करतं, हे तेव्हा कुठे आम्हाला कळलं.

मावशींना म्हटलं, पुढचं तुम्ही वाचा. तर म्हणाल्या, भाकरी करपली.

*

शाहूपुरी, कुंभार गल्ली

वरच्यांनी पुराचं काढलं म्हणून लिहितो. (मी बाई आहे. कोल्हापूरची आहे, म्हणून ‘लिहितो’.)

ऑगस्ट २०१९. गणपती महिन्यावर आलेला, रंगकाम अर्ध्यात. राजाराम बंधाऱ्याची पातळी धोक्याच्या ४३ फुटांवरनं वाढत ५५ च्या वर गेली. जेवढ्या मूर्ती माळ्यावर चढवता आल्या तेवढ्या चढवल्या आणि बाकीच्या तशाच टाकून शाळेत राहायला गेलो. एका वर्गात नऊ कुटुंबं. वीज नाही, बाहेर पाऊस थांबत नाही.

तिथं एक शिक्षिका होत्या, त्यापण पुरातनंच आलेल्या. त्यांच्या पिशवीत ‘बनगरवाडी’. पोरांनी दंगा मांडलेला, म्हणून खिडकीपाशी बसून मोठ्यानं वाचायला लागल्या. दुसऱ्या दिवशी आम्ही बायकापण सरकून बसलो. धनगरांची वाडी, कोवळा मास्तर, मेंढरं, पोरांना दोन अक्षरं शिकवायची धडपड. बरं वाटत होतं, खरं सांगतो. मग शेवटाकडं दुष्काळ पडतो. पाण्याचा थेंब नाही, मेंढरं मरतात, माणसं वाडी सोडून चालायला लागतात.

तिथं एक म्हातारी म्हणाली, “थांब बाई. त्यास्नी म्हणावं हिकडं या. न्या म्हणावं पायजे तेवढं.”

सगळा वर्ग हसला. घर सोडल्यापास्नं पहिल्यांदा हसलो आम्ही. पोटात दुखेपर्यंत.

वाचून झाल्यावर म्हातारीनं विचारलं, “मग गाव परत आलं का?” शिक्षिका म्हणाल्या, आजी, पुस्तक इथंच संपतं. म्हातारीला राग आला. “मग आत्ता कशाला वाचलंस?”

पाणी उतरल्यावर घरी गेलो. भिंतीवर चिखलाची रेघ माझ्या डोक्याच्या वर. खालच्या मूर्तींचा नुसता लगदा, त्यात कुठं एखादा मुकुट. ‘बनगरवाडी’ नंतर विकत आणलं. शेवट सोडून वाचतो.

*

उजळाईवाडी

आमचं लॉकडाऊनमधलं. आजोबांना दिसत नाही. ‘मृत्युंजय’त सहा जण बोलतात : कर्ण, शोण, दुर्योधन, वृषाली, कुंती, श्रीकृष्ण. आम्ही घरच्यांनी वाटून घेतले आणि पुणे, बेळगाव, इथून रोज वीस मिनिटं रेकॉर्ड करून पाठवायला लागलो. दुर्योधन कुणी घेईना, शेवटी बँकेतल्या काकांना दिला. आजोबांचं ‘थांबा’ म्हणजे उलट आलेला निरोप : “कुंती घाईत आहे, गॅसवर काय ठेवलंय का? परत पाठव.”

*

एका उपनगरातून (सोसायटीचं नाव लिहीत नाही)

आमच्या सोसायटीचा हॉल रविवारी रिकामाच असतो. अर्ज केला. कमिटीनं विचारलं, काय वाचणार? आम्ही सांगितलं, ‘भंडारभोग’. नाव ऐकून त्यांना वाटलं देवाचं काहीतरी आहे. हॉल दिला, वर सतरंज्याही दिल्या.

राजन गवसांची ती कादंबरी यल्लम्माला सोडलेल्या जोगत्याच्या आयुष्याची आहे, हे दुसऱ्या रविवारी कळलं. तिसऱ्या रविवारी हॉलला कुलूप. कारण विचारलं तर “लाइटचं बिल”. मग पार्किंगमध्ये, दोन स्कुटरच्या मधे खुर्च्या टाकून वाचलं. ऐकणारे वाढले, कारण येणाजाणाऱ्याला चुकवताच येईना.

आमच्यात एक आजी आहेत, दरवर्षी सौंदत्तीला यल्लम्माच्या दर्शनाला जाणाऱ्या. अशा पुस्तकाला त्या उठून जातील असं मला वाटलं होतं. त्या बसल्या. एका जागी म्हणाल्या, “थांबा.” बराच वेळ काही बोलल्याच नाहीत. मग म्हणाल्या, “तीस वर्षं मी दारात आलेल्या जोगत्याच्या परडीत पीठ वाढलंय, पाया पडलोय. त्यो रातीला कुठं निजतो, हे कधी इचारलं न्हाई.” एवढं बोलून, “वाचा पुढं.”

*

रुईकर कॉलनी

सगळे कौतुक करताहेत म्हणून दुसरी बाजूही लिहितो. मला नाही जमलं हे प्रकरण.

‘कोसला’ मी विसाव्या वर्षी, होस्टेलच्या खोलीत, खोलीतला जोडीदार गावी गेलेला असताना वाचली. १९६३ चं पुस्तक, माझ्या जन्माच्या आधीचं, पण पांडुरंग सांगवीकर जणू शेजारच्या खोलीत राहत होता. त्याचं ते ‘उदाहरणार्थ’ आणि ‘वगैरे’ वर्षभर माझ्या तोंडात होतं. अशी पुस्तकं दार लावून वाचायची असतात. तरी मित्राच्या आग्रहाखातर मिरजकर तिकटीच्या त्या माडीवर मी गेलो (हो, धागा काढणाऱ्यांचीच). पहिले दोन रविवार हसण्यात गेले. तिसऱ्यांदा पांडुरंगची धाकटी बहीण मणी आजारी पडली. मी मान खाली घालून ऐकत होतो. ती गेली, त्या पानावर, वाक्य पुरतं संपलंही नव्हतं, आणि यांच्यातला एकजण म्हणाला, “थांबा जरा. चहा सांगू का?”

मी चप्पल घातली आणि खाली आलो. परत गेलो नाही.

*

मिरजकर तिकटी (धागा काढणारा)

रुईकर कॉलनी, चहा विचारणारा मीच होतो.

पुढचं वाक्य ऐकायचं नव्हतं मला. माझी धाकटी बहीण असंच, चार दिवसांच्या तापानं गेली. वाचणाऱ्याला थांबवायला दुसरं काही सुचलं नाही.

*

रुईकर कॉलनी

मला वाटलं तुम्हाला कंटाळा आला.

*

मिरजकर तिकटी (धागा काढणारा)

आम्ही अजून त्याच पानावर आहोत. मधे ‘टारफुला’ उरकलं. रविवारी साडेआठला.