जुन्या जन्म-मृत्यू रजिस्टरातला जातीचा रकाना टाइप करायचा की गाळायचा?

धरमपेठी:
रविवारी दुपारी जुनी जन्म-मृत्यू रजिस्टरं पाहून एक्सेलमध्ये टाइप करून राहिलो, फुकट, हौसेनं. ३८ पानं झाली. आता ठरवलं की जातीचा रकाना भरणार नाही. नाव, बाप, गाव, तारीख, कशानं मेला, बस्स. शंभर वर्षांपूर्वी पोलीस ठाण्यातल्या मुन्शीनं जे लिहून ठेवलं ते मी आज माझ्या हातानं परत काहून लिहू? इतिहासाला नाव पुरते. बाकीच्यांनीही सोडावा असं माझं मत आहे.

इंदोरा४४:
मी इथे लिहीत नसतो पण हे वाचून चहा गार झाला. नाव पुरते म्हणे! पोरीच्या जात-पडताळणीसाठी, व्हॅलिडिटीसाठी, मला १९५० च्या आधीचा कागद पाहिजे होता. बापाच्या टीसीवर "बौद्ध", आजा शाळेत गेलाच नाही मग दाखल-खारिज कुठून आणू? सात महिने चकरा मारल्या. एका कार्यालयात रजिस्टर वाळवीनं खाल्लं म्हणाले, दुसऱ्यात म्हणाले साहेब दौऱ्यावर. शेवटी कोतवाल बुकात, म्हणजे गावच्या जन्म-मृत्यूच्या वहीत, एक ओळ सापडली, पणजोबाचं नाव आणि पुढे "मुलगा झाला". पोराचं नावच नाही! असणार कुठून, बारशाच्या आधीच कोतवाल ठाण्यात जाऊन सांगून यायचा. तिथे ओळख पटवायला बापाचं नाव, गाव आणि तो रकाना, एवढंच होतं. जी जात आमच्या लोकांनी ५६ साली दीक्षाभूमीवर सोडली तीच मी फायली घेऊन शोधत फिरलो, याची मजा तुम्हाला काय कळणार. ज्याचं जळते त्यालाच कळते भाऊ.

धरमपेठी:
असली टाइप केलेली यादी कोणतीच पडताळणी समिती पुरावा म्हणून घेत नाही. मूळ रजिस्टरची नक्कल लागते. मग माझ्या एक्सेलनं तुमचं काय अडलं?

इंदोरा४४:
नक्कल मागायला पान नंबर लागते का नाही? एका गावात एकाच नावाचे चार जण. कोणत्या पानाची मागू, सांगा.

महालचे_पेन्शनर:
दोघंही भलतीकडे चालले. नियम साधा आहे, दिसते तसं लिहा. इंग्लंडात फ्रीबीएमडीवाले १९९८ पासून हेच करून राहिले, १८३७ पासूनच्या जन्म, लग्न, मृत्यूच्या सूच्या, सगळे बिनपगारी. छापलेलं चूक दिसलं तरी सुधरवायचं नाही हा त्यांचा पहिला नियम. आपल्याकडचा खरा रोग जात नाही, मोडी आहे. मोडीत ऱ्हस्व-दीर्घ नाही, शब्द तोडत नाहीत, आणि आपली मंडळी आठ दिवसांचा वर्ग करून वाचायला बसतात. परवा एका ताईनं "कचऱ्या"चं "कचरूजी" केलं. आदर म्हणून!

उमरेडवाली:
ती ताई मीच. जगत नाहीत म्हणून लोक पोरांची नावं कचऱ्या, दगड्या ठेवत हे मला माहीत आहे, माझा सख्खा चुलत आजा दगडू होता. तरी हात नाही चालला. आणि काका, मोडी शिकवायला येतो म्हणून तुम्ही तीन रविवार गायब होते, आम्ही तर्री-पोहे घेऊन वाट पाहत बसलो. तेव्हा कुठे होता तुमचा नियम?

महालचे_पेन्शनर:
गुडघ्याचं ऑपरेशन होतं.

उमरेडवाली:
पहिल्या रविवारी तुम्ही फुटाळा तलावावर दिसले होते.

इतवारीचा_पोट्टा:
हाणामारी कायले करता बे, फोटो काढून मोबाईलला वाचायला द्या, दोन मिनिटांचं काम.

उमरेडवाली:
दिलं होतं. १९१८ च्या ऑक्टोबरचं पान, साथीचं, वरपासून खालपर्यंत प्रत्येक ओळीला "ताप". मोबाईलनं वाचलं "बाप". अख्ख्या गावाच्या मरणाचं कारण बाप.

कामठीकर:
हसू आलं पण रडूही आलं. लग्नाचं तर बोलूच नका, आपल्या लोकांची लग्नं कोण सरकारी वहीत लिहीत होतं. कामठी छावणीत मात्र चर्चची रजिस्टरं होती, त्याच्या प्रती मद्रासमार्गे लंडनला गेल्या, आणि फिबिस नावाची १९९८ ची संस्था आहे, तिचे स्वयंसेवक असले कागद टाइप करून नेटवर टाकतात. म्हणजे इथे कॉलऱ्यानं मेलेल्या गोऱ्या शिपायाचा खापरपणतू घरबसल्या त्याला शोधते, आणि त्याच्या घोड्याला चारा घालणाऱ्या माझ्या माणसाचा पत्ता नाही. त्यात तुम्ही रकाने गाळून राहिले.

इंदोरा४४:
हे बोलले तुम्ही.

धरमपेठी:
सगळे मिळून मलाच धुवा. २०२३ मध्ये कुणबी नोंदी शोधणाऱ्या शिंदे समितीच्या वेळी जिल्ह्याजिल्ह्यांच्या वेबसाइटवर जुनी पानं चढली तेव्हा आमच्या नात्यातल्या एकानं काय केलं माहीत आहे? पोराला स्थळ आलं तर मुलीच्या गावाची पानं शोधत बसला, "नक्की कोण आहेत ते पाहू" म्हणून. पान वाचायला निदान डोळे फोडावे लागतात. एक्सेलमध्ये नाव टाकलं की झालं, भाडेकरू असो की सून.

आणि माझ्या पणजीच्या मृत्यूच्या ओळीत नावच नाही. जातीवरून बायकांना हाक मारायचा जो शब्द होता तोच नावाच्या जागी लिहून टाकला. तो शब्द मी इथेही टाइप करणार नाही. ३८ व्या पानावर आहे. तिथेच थांबलो.

इंदोरा४४:
हे पहिल्या पोस्टमध्ये सांगितलं असतं तर मी एवढं तोडलं नसतं. आम्ही तुम्हाला दुसरंच कोणी समजलो. पण रकाना गाळू नका, अजूनही तेच सांगून राहिलो. स्थळं पाहणारे तुमच्या एक्सेलशिवायही पाहतातच.

महालचे_पेन्शनर:
जात वेगळ्या शीटमध्ये घ्या, ती नेटवर टाकू नका, घरचा माणूस मागायला आला तर पान नंबरासकट द्या. नियमही राहिला. (माझंच ऐका असं नाही, पण माझंच बरोबर आहे.)

धरमपेठी:
नियम "दिसते तसं" होता नं काका? आता दोन शीट कशा झाल्या? असो. करतो. पटलं म्हणून नाही, भांडायला वेळ नाही म्हणून.

उमरेडवाली:
३८ वं पान माझ्याकडे द्या. तुम्ही नका लिहू ते. आणि कचऱ्याचं मी परत कचऱ्या केलं.