सगळं ॲपवर आहे म्हणणाऱ्यांना

गावभागकर

परवा सांगलीतल्याच एका संगीतप्रेमी ग्रुपवर एक पोस्ट फिरत होती. लिहिणाऱ्याचं म्हणणं असं, की हार्ड डिस्कवर गाणी साठवत बसणं म्हणजे नळाला चोवीस तास पाणी असताना रांजण भरून ठेवणं. महिन्याला थोडे पैसे टाका, जगातलं सगळं संगीत खिशात. खाली शंभरेक अंगठे. तिथे दोन ओळींत उत्तर देऊन भागणार नव्हतं, म्हणून इथे लिहितोय.

पहिलं म्हणजे तो नळ तुमच्या मालकीचा नाही. गुगल प्ले म्युझिक २०२० च्या डिसेंबरात बंद झालं, विंक हे गाण्यांचं ॲप २०२४ च्या नोव्हेंबरात. याद्या दुसरीकडे नेता येतात हे खरं, पण जे गाणं नव्या ठिकाणी नसतं ते वाटेत गळतं. ॲप चालू असलं तरी गाण्याच्या कंपनीचा आणि ॲपवाल्यांचा करार संपला की गाणं करडं पडतं, म्हणजे यादीत दिसतं पण वाजत नाही. कारण विचारायला समोर कुणी नाही.

दुसरं, ‘सगळं’ म्हणजे काय? ॲपवर असतं ते कंपन्यांनी कधीतरी बाजारात आणलेलं. मिरजेच्या दर्ग्यात उरुसाला किराणा घराण्याचे गायक अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मरणार्थ रात्र-रात्र गाणं होतं, अंबाबाईच्या नवरात्रात होतं, त्यातलं किती ॲपवर आहे? ते आहे कुणाच्या तरी माळ्यावरच्या कॅसेटमध्ये, आणि कॅसेट कायम टिकत नाही.

आणि तिसरं, ज्याचा मला खरा संताप येतो. जुन्या तबकड्यांची गाणी ऑनलाइन कशीही चढवलेली असतात. त्या काळातल्या सगळ्या तबकड्या मिनिटाला नेमक्या ७८ फेऱ्यांना मुद्रित झालेल्याच नाहीत. ७८ ची तबकडी ८० ला फिरवली तर पेटीवरच्या काळी एक पट्टीचा सूर तिच्या पुढच्या पांढरी दोनच्या निम्म्या वाटेवर जाऊन बसतो. गायकाचा आवाज पातळ होतो, तान उगाच द्रुत, म्हणजे जलद वाटते, आणि नवी पोरं तेच खरं समजून ऐकतात. वर राग नाही, साथीला कोण ते नाही, नाट्यपद असेल तर चाल कुणाची ते नाही. गायकाच्या रकान्यात सरळ नाटकाचं नाव! माझ्या साठ्यात हे सगळं माझ्या हाताने लिहिलेलं आहे. तो साठा मी सोडणार नाही.

विश्रामबागवाला

काका, तुमचा आदर आहे, पण तुम्ही नाण्याची एकच बाजू दाखवताय. २०१९ च्या पुरात आम्ही मारुती चौकाजवळ राहायला होतो. बाबांच्या सीड्या, कॅसेटी आणि त्यावरून उतरवलेली हार्ड डिस्क, सगळं एकाच कपाटात. आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी वाढतेय हे कळत होतं, पण आजीची औषधं, कागदपत्रं आणि दागिने वर नेईपर्यंत जिन्यात पाणी आलं. पाणी ओसरल्यावर कपाट उघडलं तर सगळ्यावर चिखलाचा थर. बाबा डिस्क पुसत बसले होते. ती परत फिरलीच नाही.

तेव्हापासून मी ठरवलं, घरात काही साठवायचं नाही. माझं ॲपवरचं खातं नवीन फोन घेतला तरी जसंच्या तसं उघडतं. तुम्ही तर गावभागातच राहता! साठा स्वतःजवळ ठेवा हा सल्ला नदीकाठच्या माणसांना देताना जरा विचार करा. आणि खरं सांगायचं तर कामावरून आल्यावर फाइलींना नावं देत बसायला आमच्या पिढीकडे वेळ नाही. मला गाणं ऐकायचंय, ग्रंथपाल व्हायचं नाही.

जवारी_मिरज

आमचं घराणं तंबोरे बनवणारं. आमच्या सतार-तंबोऱ्याला २०२४ मध्ये जीआय (भौगोलिक) मानांकन मिळालं, पण तारेखालच्या घोडीवर जवारी काढायची, म्हणजे घोडी घासून तारेला गुंजन आणायचं, ते अजून कानानंच. म्हणून कानाचंच बोलतो. १२८ केबीपीएसच्या, म्हणजे खूप दाबून लहान केलेल्या एमपी-थ्रीमध्ये तंबोरा ऐकून बघा. खर्जाची (सगळ्यात खालच्या सुराची) तार छेडल्यावर वर जो गंधार उमटतो, तो धुरकट होतो. सेकंदाला साधारण १६ हजारांच्या वरची कंपनं तर बहुतेक कापूनच टाकलेली असतात. मागं नुसती गुणगुण राहते. गाणारा त्या गंधारावर टेकून गातो हो! तोच पुसला तर राहिलं काय? साठवायचंच असेल तर फ्लॅकमध्ये, म्हणजे आवाजातलं काहीही न कापता लहान केलेल्या फाइलीत साठवा, नाहीतर तसदी घेऊ नका.

विश्रामबागवाला

१२८ आता ऐकतंय कोण? ३२० ची एमपी-थ्री आणि फ्लॅक नाव झाकून लावा, भल्याभल्यांना फरक सांगता येत नाही. आणि कॅसेटवरच मुळात १५ हजारांच्या पुढचं फारसं काही उतरत नाही. मग त्या कॅसेटची फ्लॅक करून काय मिळवता? फक्त जागा जाते.

गावभागकर

यातलं अर्धं बरोबर आहे. ३२० आणि फ्लॅक यांतला फरक मलाही दर वेळी ओळखता येईल असं नाही. पण फ्लॅक कानासाठी ठेवायची नसते, पुढच्या प्रतींसाठी ठेवायची असते. एमपी-थ्री उघडून खरखर काढली, पुन्हा एमपी-थ्री केली, उद्या नवीन प्रकार आला म्हणून त्यात बदलली, की दर वेळी काहीतरी झडतं. फ्लॅकमधून काहीच झडत नाही. शिवाय मूळ आवाजाची खूण फाइलीतच नोंदलेली असते. डिस्क सडायला लागली तर तपासणीत लगेच कळतं कुठली फाइल बिघडली. जागेचं म्हणाल तर सीडीचा तासभर फ्लॅकमध्ये ३०० ते ४०० एमबी. एक टीबीच्या डिस्कवर अडीच हजार तास बसतात.

कॅसेटचं काम मात्र वेळखाऊ आहे, नाकारत नाही. टेपचं हेड (फितीवरचा आवाज वाचणारा भाग) स्पिरिटने पुसायचं, मग हेडशेजारचा बारीक स्क्रू केसभर फिरवत राहायचं. तबल्याच्या चाटेचा (काठाचा) आवाज मोकळा झाला की थांबायचं. दर कॅसेटला हे नव्याने, कारण ज्या मशीनवर ती भरली त्याचं हेड वेगळ्या कलाचं असतं. मग २४ बिटमध्ये, म्हणजे सीडीपेक्षा बारीक मोजमापात, पूर्ण बाजू एका दमात उतरवायची, तासाला एक जीबी धरून चाला. सुरुवातीचं निवेदन कापायचं नाही. साथीला कोण होतं ते तिथेच कळतं.

आणि पुराचं. तुमच्या वडिलांची डिस्क गेली याचं मला मनापासून वाईट वाटतं. पण ती गेली याचं कारण घरात ठेवली हे नव्हे, सगळं एकाच कपाटात ठेवलं हे आहे. तीन प्रती, दोन वेगळ्या साधनांवर, एक दुसऱ्या गावी. माझी तिसरी प्रत साताऱ्याला बहिणीकडे असते, अजिंक्यताऱ्याच्या उतारावर. तिथे कृष्णा चढत नाही. भाऊबीजेला जातो तेव्हा नवीन डिस्क देऊन जुनी घेऊन येतो. आणि एसएसडी (चिपवाली, न फिरणारी डिस्क) वर्षानुवर्षं वीज न देता कपाटात टाकू नका, त्यातलं हळूहळू उडतं. ठेवणीला साधी फिरती डिस्कच बरी, तीही अधूनमधून फिरवून बघायची.

नागठाणेची_लेक

फ्लॅक, तीन प्रती, बहिणीचं घर, सगळं वाचलं. आता मला एक सांगा, या साठ्यातलं आजवर कुणाला दिलंत?

मी बालगंधर्वांच्या गावची. गाणं शिकवते. आमच्या गुरूंच्या गुरूंची एक मैफल जिल्ह्यातल्या एका संग्राहकांकडे होती. फोन करून, ओळख काढून, पेढे घेऊन गेले. त्यांनी समोर बसवून वीस मिनिटं ऐकवलं आणि मशीन बंद केलं. प्रत मागितली तर म्हणाले, ‘ही माझी पुंजी आहे.’ वही काढून बंदिश टिपायला लागले तर तेही आवडलं नाही. पुढे ते गेले. मुलं परगावी. घर विकताना खोकी भंगारात गेली हे मला शेजाऱ्यांकडून कळलं. ती बंदिश आता कुणाकडेच पूर्ण नाही. माझ्याकडे अस्थाई (पहिला भाग) आहे, अंतरा (दुसरा भाग) नाही.

तुम्हा संग्राहक लोकांना गाण्यापेक्षा ते फक्त आपल्याकडे आहे याचं सुख जास्त असतं. ॲपवाल्यांना नावं ठेवता, पण ॲपवालं निदान पैसे दिले की ऐकू देतं!

गावभागकर

ताई, एका माणसाच्या वागण्यावरून सगळ्यांना झोडपू नका. मी दिलंय, आणि देऊन पोळलोयही. उरुसातलं एक ध्वनिमुद्रण विश्वासाने एकाला दिलं. महिन्याभरात ते ऑनलाइन, मध्ये-मध्ये त्याच्या चॅनेलची जाहिरात, आणि विलंबित (संथ लयीतलं) कंटाळवाणं म्हणून अर्धं कापलेलं. त्या गायकांच्या घरून मला फोन आला. आवाज बसलेल्या दिवशीचं गाणं ते. त्यांना ते जगासमोर यायला नको होतं. काय उत्तर देणार होतो मी? आयुष्यभराचे संबंध तुटले. त्यानंतर हात आखडता घेतला, आणि त्याची मला लाज वाटत नाही.

शाहूपुरी_सातारा

दोघांचं ऐकलं. पण गावभागकर, एकाने घात केला म्हणून शिकणाऱ्यांनाही दार बंद, हा न्याय कुठला? चॅनेलवाला वेगळा, शिष्य वेगळी. आमच्याकडेही असलेच महाभाग आहेत. बाईंना प्रत नाही म्हणायचं, आणि पुण्याहून कुणी नावाजलेला आला की साठ्याची पेटी उघडून ठेवायची. खेड्यातनं गाणं शिकायला येणारीला एसटीचे पैसे जोडून यावं लागतं, तिला वीस मिनिटांवर बोळवण!

गावभागकर

माझ्याकडून कुणाची बोळवण झालेली नाही. माहिती नसताना आरोप करू नका. पुण्याचा-मुंबईचा मला काडीचा मोह नाही.

नागठाणेची_लेक

मग राग कशाचा आला? मी विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर अजून आलेलं नाही. गेल्या काही वर्षांत कुणाला दिलंत?

कोर्टकचेरी

भांडण मिटवायला नाही, दोन गोष्टी स्पष्ट करायला लिहितोय, कारण दोन्हीकडून हक्काची भाषा चालली आहे. प्रकाशित ध्वनिमुद्रणावरचा हक्क आपल्या कॉपीराइट कायद्यात ६० वर्षांचा, प्रकाशनाच्या पुढच्या वर्षापासून मोजायचा. १९६० साली निघालेली तबकडी २०२० अखेर मोकळी झाली. करीम खाँसाहेब १९३७ ला गेले, त्यांच्या हयातीत निघालेल्या तबकड्या तर केव्हाच मोकळ्या. त्या दाबून ठेवायला कायद्याचं कारण सांगता येणार नाही. शब्द आणि चाल यांचा हक्क वेगळा, तो कर्त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं चालतो.

मैफलीत कलाकाराचा स्वतःचा हक्क येतो, तो ५० वर्षांचा. घरच्यांना न विचारता अशी मैफल ऑनलाइन टाकणं चूकच. पण त्याच कायद्याचं कलम ३९ प्रामाणिक शिक्षण आणि संशोधनासाठी केलेलं ध्वनिमुद्रण हक्कभंगात धरत नाही. शिकणाऱ्या माणसाला ऐकवणं आणि जगाला वाटणं यांत कायदाच फरक करतो. तुम्ही दोघं तो करत नाही.

जवारी_मिरज

बरोबर बोललात वकीलसाहेब. आमच्या गल्लीत तंबोरा न्यायला आलेला माणूस दुकानात बसून गातो, आम्ही दार लावून घेत नाही.

विश्रामबागवाला

मी ॲप सोडणार नाही, आधीच सांगतो. जिममध्ये आणि गाडीत मला तेच सोयीचं आहे. पण बाबांच्या डिस्कवर माझ्या आत्याच्या आवाजातली काही पदं होती. ती कुठल्याच ॲपवर मिळणार नाहीत, हे मला मान्य करावंच लागतं. आत्याच्या घरी एक कॅसेट असेल असं आई म्हणते. काका, तो हेडचा स्क्रू मला जमणार नाही. तुम्ही उतरवून द्याल का? एक प्रत साताऱ्याला ठेवलीत तरी चालेल.

गावभागकर

आणा. डबी ओली झालेली असेल तर मशीनमध्ये घालून बघू नका, तशीच आणा.

ताई, तुमच्या प्रश्नाचं उत्तर. गेल्या काही वर्षांत कुणालाच दिलेलं नाही. पोळलो हे कारण मला अजूनही पुरेसं वाटतं, चॅनेलवाल्यांसाठी. शिकणाऱ्यांसाठी ते पुरेसं नाही, एवढं मान्य. १९६० पर्यंतच्या तबकड्यांवरून उतरवलेलं सगळं घेऊन जा, अट काही नाही. मैफलींचं मात्र ज्यांचं गाणं त्यांच्या घरी मी आधी विचारणार. ते हो म्हणाले तर प्रत, नाही म्हणाले तर इथे येऊन ऐका, हवं तितका वेळ. वही काढा, बंदिशी टिपा. ऑनलाइन काही जाणार नाही हा शब्द मला हवा.

नागठाणेची_लेक

शब्द दिला. शिष्यांचाही देते. पण माझीही एक अट. नुसत्या फाइली नकोत. राग, साथीदार, साल, आणि तबकडी कुठल्या वेगाने फिरवलीत ते लिहिलेली यादी सोबत हवी. तुम्हीच वर म्हणालात, ते नसलं तर नवी पोरं चुकीचं ऐकतात. दोन टीबीची डिस्क घेऊन रविवारी दुपारी येते.