मदत हवी आहे: धडधड होत असताना व्यायाम कसा सुरू ठेवता?

वय ४१. गेले आठ महिने अधूनमधून छातीत धडधडतं, एखादा ठोका चुकल्यासारखा वाटतो आणि पुढचा जोरात आदळतो. ईसीजी, टूडी इको, २४ तासांचं होल्टर (अंगावर यंत्र लावून ठोक्यांची सलग नोंद), थायरॉइड, हिमोग्लोबिन सगळं झालं. होल्टरमध्ये थोडे जादा ठोके दिसले. हृदयाची रचना ठीक असल्याने घाबरू नका, व्यायाम करा, असं डॉक्टर म्हणाले.

पटतं हो, पण पायात बूट घातले की मन ऐकत नाही. चालायला लागलं की नाडी वाढते, ती वाढली की भीती वाटते, आणि भीतीने ती आणखी वाढते. मनगटावरच्या घड्याळात १३० दिसलं की मी घराकडे वळतो. २२० वजा वय या ढोबळ हिशेबाने माझ्या नाडीची कमाल मर्यादा १७९ येते, म्हणजे १३० काही फार नाही, हे कळतं. तरीही! (घड्याळ काढूनच ठेवावं का?)

सगळ्यात विचित्र म्हणजे चालताना नाही, थांबल्यावर ठोके जास्त चुकतात. म्हणून आता एकदम न थांबता शेवटची दहा मिनिटं हळू चालतो. थोडा फरक आहे. कॉफी सोडली, त्याने काही फरक पडला नाही.

चक्कर, छातीत दुखणं किंवा शुद्ध हरपणं असं काही नाही. झालं तर थेट दवाखाना गाठायचा, हे माहीत आहे.

ज्यांनी यातून वाट काढली त्यांनी सांगा: वेग कसा वाढवलात? भीतीसाठी समुपदेशनाचा उपयोग झाला का?