मदत हवी आहे: पार्सलच्या टेम्पोवर प्रोबेशन, पर्मनंट कसं व्हायचं?

नमस्कार मंडळी. धाकटा भाऊ हडपसरला पार्सल डिलिव्हरीचा छोटा हत्ती चालवतो, अजून प्रोबेशनवर आहे. गाडीवर हात चांगला आहे. लायसन्सचीही अडचण नाही, ७५०० किलोपर्यंतच्या मालवाहू गाडीला साधं एलएमव्ही (हलक्या वाहनाचं लायसन्स) चालतं हे सुप्रीम कोर्टाने २०२४ मध्ये पक्कं केलंय.

वेळ खातात त्या मोठ्या सोसायट्या. गेटवर एंट्री, मग फ्लॅटवाल्याचा होकार, मग सर्व्हिस लिफ्टची वाट. त्यात ग्राहक फोन उचलत नाही, ओटीपी मिळत नाही, पार्सल परत हबला (कंपनीच्या गोदामात) जातं आणि पोचवलेल्या पार्सलची टक्केवारी घसरते. सुपरवायझर तेवढंच बघतो, हे मला पटत नाही.

या लाईनमधल्या अनुभवी दादा-ताईंनी सांगा: सकाळी माल भरताना शेवटची डिलिव्हरी सगळ्यात आत, असं बिल्डिंगवार लावता का? फोन निघण्याआधीच करता का? आणि कन्फर्मेशन लेटर स्वतःहून मागावं का? घर त्याच्याच पगारावर चालतंय.