शिकारीच्या दंडातला वाटा ग्रामपंचायतीला का नको?

रानवाट:
शिकारीच्या केसमध्ये दंड झाला की पैसा सरकारी तिजोरीत जातो. ज्या गावच्या शिवारात फास सापडला, ज्या गावाने पंच दिले, त्याला छदामही नाही. मी स्वतः अशा पंचनाम्यावर सही केलीय. मोटरसायकलच्या क्लचवायरचा फास, त्यात चितळाची मादी, तार मानेत हाडापर्यंत रुतलेली. पुढे साक्षीसाठी तालुक्याला तीन फेऱ्या, त्यातल्या दोन नुसती पुढची तारीख घ्यायला. रोज बुडाला तो वेगळाच. 1972 च्या वन्यजीव कायद्यातली सर्वसाधारण दंडाची मर्यादा 2022 च्या दुरुस्तीने 25 हजारांवरून 1 लाखावर नेली. त्यातला निम्मा ग्रामपंचायतीला द्या. मग पंच मिळवायला फॉरेस्ट गार्डला दारोदार फिरावं लागणार नाही.

हिशेबी:
साफ विरोध. ग्रामपंचायतीला दंडाची चटक लागली की सरपंचाच्या गटातल्याची तार कुणाला दिसणार नाही, विरोधी गटातल्याच्या बांधावरची मात्र अंधारातही दिसेल. अमेरिकेतल्या फर्ग्युसन गावाचं प्रकरण बघा. तिथल्या न्याय खात्याच्या 2015 च्या अहवालात स्पष्ट म्हटलंय की पोलीस आणि कोर्ट, दोघंही गावाच्या उत्पन्नासाठी दंड वसूल करत होते.

रानवाट:
अहो, तिथे कोर्टही गावचंच होतं. आपल्याकडे शिक्षा ठरवतो न्यायाधीश, त्याच्यावर सरपंचाचं काय चालणार?

बांधावरून:
न्यायाधीशापर्यंत गेलं तर ना! त्याच वन्यजीव कायद्याच्या कलम 54 खाली तडजोड होते. अधिकाऱ्याने रक्कम घेतली की प्रकरण मिटलं, आणि ती मर्यादा आता 5 लाख आहे. किमान कैद सांगितलेल्या गुन्ह्यांत तडजोड चालत नाही, हे खरं. पण बाकीच्यांत वाटा ठेवलात तर ग्रामपंचायतच मध्यस्थ होऊन बसेल. शिवाय रानडुकरांनी पीक लोळवलं म्हणून कुंपणात करंट सोडणारा गावातलाच असतो. त्याचं समर्थन करत नाही, पण त्याच्या दंडातून गावात पेव्हर ब्लॉक बसवायचे? पोटात कालवतं.

कलमकसाई:
कायदा कुणी उघडलाय का? कलम 60अ: गुन्हा उघडकीला आणायला किंवा आरोपी पकडायला मदत करणाऱ्या व्यक्तीला दंडाच्या 50 टक्क्यांपर्यंत बक्षीस देण्याचा आदेश कोर्ट देऊ शकतं. आणि कायद्यांतल्या शब्दांचे अर्थ सांगणाऱ्या 1897 च्या जनरल क्लॉजेस ॲक्टनुसार ‘व्यक्ती’त संस्थाही येतात. मग ग्रामपंचायतीने अर्ज करायला काय हरकत आहे? माझ्या मते करून बघावा.

हिशेबी:
‘देऊ शकतं’, देईलच असं नाही. तेही दोष सिद्ध झाल्यावर. इतक्या बेभरवशाच्या पैशावर कुठली ग्रामपंचायत बजेट मांडेल? द्यायचंच असेल तर अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलिना राज्यासारखं करा. तिथे राज्यघटनेनेच फौजदारी दंडाची रक्कम काउंटीतल्या, म्हणजे आपल्या जिल्ह्यासारख्या भागातल्या, सरकारी शाळांसाठी राखलीय. सरपंचाचा हात लागायचा प्रश्नच नाही.

रानवाट:
शाळेला दिलेत तरी चालेल, ‘निम्मा ग्रामपंचायतीला’ मागे घेतो. पण त्याआधी पंचांचा रोज आणि एसटीचं भाडं त्यातूनच काढा. माझ्याबरोबरच्या दुसऱ्या पंचाने तिसऱ्या तारखेला यायचंच सोडलं.

बांधावरून:
याला मात्र माझा पाठिंबा. तो शेतमजूर असेल तर त्याने का यावं?