सहापैकी सहा गुण मिळाले, म्हणजे सासूबाईंना सोबत नको?

पंचवटीची सून
सासूबाई ८१ वर्षांच्या. दिवसभरासाठी बाई ठेवावी म्हणून बायका पुरवणाऱ्या एका ब्युरोला बोलावलं. ब्युरोची मुलगी आली, अंघोळ, कपडे, संडास, उठबस, लघवी-शौचावरचा ताबा आणि जेवण एवढं विचारलं, सगळीकडे ‘स्वतः करतात’ लिहिलं. दहा मिनिटांत निकाल: गरज नाही. त्याच आठवड्यात त्यांनी बीपीची गोळी दोनदा घेतली, आणि गॅसवर दूध तसंच ठेवून रामकुंडावर निघून गेल्या.

ही सहा कामांची यादी १९६३ची, अमेरिकन डॉक्टर कॅट्झ यांची. शरीराची अगदी मूळ कामं तेवढी त्यात येतात. लॉटन आणि ब्रॉडी या संशोधकांनी १९६९मध्ये आठ कामांची दुसरी यादी दिली: फोन, खरेदी, स्वयंपाक, घरकाम, कपडे धुणं, प्रवास, औषधं, पैसे. म्हातारपणी हात आधी इथेच सुटतो, अंघोळीचा नंबर बराच नंतर लागतो. ही दुसरी यादी न भरता कुणीही निर्णय देऊ नये, आणि तपासणी खुर्चीत बसवून न करता घरात फिरून करावी, असं माझं ठाम मत आहे. आमच्या वाड्यात संडास चौकापलीकडे आहे, मधे दोन उंच पायऱ्या. हे त्या मुलीने पाहिलंही नाही.

फिजिओ_सातपूर
फॉर्म भरण्यालाच दोष देऊ नका, अपुरा फॉर्म निवडला गेला. बार्थेलचा रोजच्या कामांचा १०० गुणांचा तक्ता (१९६५) जिने चढणं, चालणंही पाहतो, आणि ‘थोडी मदत लागते’ यालाही त्यात जागा आहे. मी आणखी एक करून घेतो: खुर्चीतून उठा, तीन मीटर चाला, वळा, परत येऊन बसा. १२ सेकंद किंवा जास्त लागले तर पडण्याचा धोका धरायचा. घरच्यांच्या अंदाजावर मी विसंबत नाही. मुलगा म्हणतो ‘आई सगळं करते’, आणि गोळ्या सून काढून देत असते. आज आकडा लिहिलेला असेल तरच सहा महिन्यांनी काय घसरलं ते कळेल.

जेलरोडकर
मला दोघांचंही पटत नाही. वडील प्रेसमधून निवृत्त झालेले, ताठ मानेचे. परक्या पोरासमोर ‘शर्ट घालून दाखवा’ म्हटल्यावर त्यांनी घातला, आणि मग दोन तास कुणाशी बोलले नाहीत. शिवाय त्यांनी आयुष्यात कधी चहा केला नाही, तर स्वयंपाकात शून्य म्हणजे काय समजायचं? गुण कमी पडले की मुलं आधी पासबुक काढून घेतात, हेही आमच्याच नात्यात पाहिलंय.

पंचवटीची सून
स्वयंपाकाचं तुमचं बरोबर. म्हणूनच पूर्वी पुरुषांसाठी त्या यादीतून स्वयंपाक, घरकाम, कपडे वगळून पाचच गुण धरत. ‘आधी करत होते ते आता सुटलं का’ असं विचारायला हवं. पासबुकाचंही खरं आहे. पण दादा, न बघितल्याने मान राखला जातो हे मला मान्य नाही. बघायच्या आधी त्यांना विचारा, दार लावून घ्या, घाई करू नका.

जपानमध्ये २००० सालापासून म्हाताऱ्यांच्या देखभालीसाठी काळजी विमा आहे. घरी येऊन ७४ मुद्दे तपासतात, डॉक्टरांचं मत घेतात, मग किती मदत लागते ती पातळी समिती ठरवते. आपल्याकडे ७० वर्षांवरच्यांना २०२४पासून आयुष्मानचं पाच लाखांचं संरक्षण आहे, पण ते दवाखान्यातल्या उपचारांसाठी. घरी सांभाळायला ठेवलेल्या बाईचा पगार आपल्याच खिशातून. म्हणून चुकीच्या फॉर्मचा फटकाही आपल्यालाच बसतो.

फिजिओ_सातपूर
हे पटलं. तरी आकडा सोडू नका.

रात्रपाळी_अंबड
मी आयाचं काम करते. तुमच्या कुठल्याच यादीत रात्र नाही. दिवसा टुणटुणीत असलेली आजी रात्री दोनला दार शोधत फिरते. फॉर्म भरायला सकाळी अकराला येतात, तेव्हा माणूस अंघोळ करून, चहा पिऊन बसलेला असतो. आम्हाला कुणी विचारत नाही. एक रात्र खोलीत झोपून बघा ताई.

पंचवटीची सून
झोपले काल. तीनदा उठल्या. दुसऱ्यांदा दिवा न लावताच भिंत चाचपत पायऱ्यांपर्यंत गेल्या. सकाळी विचारलं तर म्हणाल्या, “तुझी झोप मोडेल म्हणून.” रात्रीची बाई आधी बघतेय.